पाय चार्टचं रेडीमेड पॅक घेतलं आणि शेवटी गोल स्वतःच काढत बसले

आधीच सांगते, पॅकचं नाव लिहिणार नाहीये, कारण असली पॅकं ढिगाने मिळतात आणि मी उघडून बघितलेली तरी आतून सगळी एकाच साच्यातली निघाली, त्यामुळे एकालाच धरून बडवण्यात अर्थ नाही. आफ्टर इफेक्ट्ससाठीचं (व्हिडिओत अ‍ॅनिमेशन करायचं सॉफ्टवेअर) "इन्फोग्राफिक" पॅक होतं, चाळीस का काय चार्ट, त्यातले बारा पाय चार्ट, ऑफरमध्ये १८०० रुपयांच्या आसपास पडलं. प्रीव्ह्यू बघाल तर वेड लागेल, काळ्या बॅकग्राउंडवर निऑन गोल गरगर फिरतायत, आकडे टकाटक वाढतायत, मागे ढिनचॅक म्युझिक. मी रात्री साडेअकराला बघितलं आणि पावणेबाराला पैसे भरून मोकळी. त्या वेळेला मोबाईलवरून काहीच विकत घेऊ नये हे नवऱ्याला मी स्वतः दहा वेळा सुनावलेलं आहे.

काम काय होतं ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये घरूनच व्हिडिओची कामं करते, लग्नाची नाही, कंपन्यांची, पतसंस्थांची, एखाद्या क्लासची जाहिरात वगैरे. पिंपळगाव बसवंतच्या बाजूची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सगळे द्राक्षवाले, त्यांची वार्षिक सभा सप्टेंबरात, कारण ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की एकही माणूस हॉलमध्ये सापडत नाही. सभेत एकरी खर्च कुठे कुठे जातो ते दाखवायचं होतं. हिशेब बघणारे काका आहेत, ते म्हणाले, "ताई, तो गोल टाका ना, भाकरीचे तुकडे केल्यासारखा, एक एक तुकडा येऊ द्या, लोकांना लगेच कळतं." आता या कामाला पाय चार्ट योग्य आहे का यावर वाद घालता येतो, त्याबद्दल पुढे लिहिते, पण समोरच्याला भाकरी पाहिजे तर भाकरी.

खर्चाची खाती सात. मजुरी, औषधं, खतं, वीज-डिझेल, पॅकिंग-वाहतूक, मांडवाची दुरुस्ती आणि इतर. इथेच पॅकने पहिला हात दाखवला. बाराच्या बारा पाय चार्टमध्ये पाकळ्या पाच. सहावी पाकळी पाहिजे असेल तर? सोबतच्या पीडीएफमध्ये त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. मी म्हटलं ठीके, एक लेयर डुप्लिकेट करू, त्यात काय. मुख्य कॉम्प (म्हणजे लेयर मांडायची चौकट) उघडला तर आत कॉम्प, त्याच्या आत कॉम्प, त्याच्या आत "प्रीकॉम्प १७ कॉपी ३" असल्या नावाचा कॉम्प, कांदा सोलतोय की चार्ट बनवतोय कळेना, आणि डोळ्याला पाणी पण तसंच. शेवटी सगळ्यात आत गेले तर पाकळीचा कोन कंट्रोल करणारं एक्सप्रेशन (म्हणजे कोडची छोटी ओळ) पाच पाकळ्यांची नावं हाताने लिहून बेरीज करत होतं. सहावी टाकली की ती बेरजेतच नाही. म्हणजे ती पाकळी दिसते पण गोल शंभरच्या पुढे जातो आणि पहिल्या पाकळीवर चढून बसतो.

दुसरं म्हणजे फाईल उघडल्या उघडल्या खाली एक्सप्रेशन एररची पट्टी. हे ज्यांना होतं त्यांच्यासाठी सांगून ठेवते, घाबरायचं नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये २०१९च्या आवृत्तीपासून एक्सप्रेशन चालवणारं इंजिन बदललं, नवीन जावास्क्रिप्टचं आलं, आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली काही एक्सप्रेशनं त्यात अडकतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये एक्सप्रेशन्सचा टॅब आहे, तिथे लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट निवडलं की बहुतेक वेळा पट्टी जाते. माझी गेली. पण पैसे घेऊन विकताय ना भाऊ, मग एवढं तुम्ही दुरुस्त करून द्यायला काय होतं, का पीडीएफमध्ये एक ओळ लिहायला बोटं दुखतात?

तिसरं मराठी. हे तर अपेक्षितच होतं पण तरी लिहिते कारण मराठीत काम करणाऱ्याला याचाच जास्त त्रास. पॅकमधला फॉन्ट असला स्टायलिश की त्यात देवनागरी नाहीच, मग "औषधं" लिहिलं की चौकोन नाहीतर दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी आणलेली अक्षरं. मी सरळ मुक्ता लावला, वजनं भरपूर आहेत आणि लांबून वाचता येतो. थोडं पुस्तकी वळण पाहिजे असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श आपल्या पद्धतीचे येतात, हिंदी वळणाचे नाही, पण तो बारीक आहे, मोठ्या स्क्रीनवर शीर्षकालाच ठीक. आणि तुमच्याकडे आवृत्ती जुनी असेल आणि जोडाक्षरं तुटत असतील, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसत असेल, तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या भागात टेक्स्ट इंजिन लॅटिनवर आहे का बघा, ते साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्नवर न्यायचं. अजून एक, पॅकमधली लेबलं एक एक अक्षर उड्या मारत येत होती. इंग्रजीला छान दिसतं, मराठीला लावलं की "मजुरी"मधला म येतो मग जु मग कुठूनतरी एकटी वेलांटी तरंगत येते. असलं अ‍ॅनिमेशन शब्दावर लावायचं, अक्षरावर नाही.

पण हे सगळं मी सहन केलं असतं हो. खरी भानगड थ्रीडीची झाली.

पॅकमधला सगळ्यात भारी दिसणारा चार्ट म्हणजे जाड, तिरका, केकसारखा. काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर तीन नमुने पाठवले, त्यांनी अर्थातच तोच निवडला, अंगठा पण दिला. त्यात मी त्यांचे आकडे भरले आणि एक गंमत झाली. समजा औषधं २२ टक्के आणि मजुरी २६ टक्के आहे (हे आकडे समजावायला घेतलेत, त्यांचे खरे नाहीत), तर स्क्रीनवर औषधांची पाकळी मजुरीपेक्षा मोठी दिसायला लागली. का, तर औषधांची पाकळी पुढच्या बाजूला आली आणि मजुरी मागे गेली. गोल तिरका केला की तो वरून खालून दाबला जातो, मागच्या पाकळ्या चपट्या होतात, पुढच्या पर्स्पेक्टिव्हमुळे फुगतात, आणि वर पुढच्या पाकळीला जाडीची भिंत पण दिसते, त्याच रंगाची, म्हणजे डोळ्याला त्या रंगाचा भाग फुकटात जास्त मिळतो. मागच्या पाकळीला भिंत दिसतच नाही. आता द्राक्षवाल्यांच्या सभेत, जिथे औषधांच्या खर्चावरून आधीच दुकानदारांच्या नावाने शिव्या चालू असतात, तिथे मी औषधांची पाकळी फुगवून दाखवली असती तर नंतर काकांनाच उत्तरं द्यावी लागली असती.

मी फोन केला. म्हटलं काका, हा दिसायला छान आहे पण खोटं बोलतो. ते म्हणाले, "आकडा तर बरोबर लिहिलाय ना त्याच्यावर?" म्हटलं आकडा बरोबर आहे, चित्र चुकीचं आहे. दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "मागच्या रांगेतल्याला आकडा नाही दिसत, त्याला चित्रच दिसतं." बस, माणसाला कळलं. माझ्या लाईनमधल्या अर्ध्या लोकांना हे कळत नाही.

तर रात्री जेवण झाल्यावर बसले आणि गोल स्वतःच काढला, सपाट, आणि खरं सांगते, पॅक सोलण्यात दोन दिवस घालवले तेच काम स्वतःहून एका बैठकीत झालं. कसं ते सविस्तर लिहिते कारण हा रिव्ह्यू वाचून कोणीतरी १८०० रुपये वाचवेल एवढीच अपेक्षा.

शेप लेयर घ्यायची, त्यात इलिप्स, फिल नाही, फक्त स्ट्रोक. इलिप्सचा साइज ४०० आणि स्ट्रोकची जाडी पण ४००. इथे लोक गोंधळतात, की बाबा पाय तर भरीव पाहिजे मग स्ट्रोक कशाला. तर स्ट्रोक रेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा पसरतो. ४०० व्यासाच्या गोलाची त्रिज्या २००, स्ट्रोकचे २०० आत गेले ते बरोबर मध्यबिंदूपर्यंत पोचले, २०० बाहेर गेले, झाला ८०० व्यासाचा भरीव गोल, १०८० उंचीच्या फ्रेममध्ये व्यवस्थित बसतो. जाडी कमी केली की मध्ये भोक पडतं, तो डोनट, आणि मध्ये एकूण रक्कम लिहायला जागा मिळते, मला स्वतःला तोच जास्त आवडतो. आता ट्रिम पाथ्स लावायचं, म्हणजे रेषेचा हवा तेवढाच भाग दाखवणारी सोय. त्यात स्टार्ट आणि एंड टक्क्यांतच असतात, म्हणजे तुमच्या पाकळीचे टक्के हेच एंडचे टक्के, ३६०ने गुणायची पण गरज नाही, आणि गोल वर बाराच्या ठिकाणापासून घड्याळाच्या दिशेने सुरू होतो, जसा पाय चार्ट असायला पाहिजे तसाच. लाइन कॅप, म्हणजे रेषेचं टोक, बटवर (सपाट) ठेवा. राउंड केली तर टोकं फुगतात आणि १० टक्क्यांची पाकळी उगाच जास्तीची जागा खाते, बारीक डोनटवर लोक राउंड कॅप करतात ते दिसायला गोड असतं पण पुन्हा तेच, चित्र खोटं बोलतं.

रेडियल वाइप नावाचा इफेक्ट पण आहे, जुन्या ट्युटोरियलमध्ये तोच असतो, एकच पाकळी फिरवून उघडायची असेल तर पटकन होतं. सात पाकळ्यांना सात वेळा स्टार्ट अँगल मोजत बसायचं असेल तर तुमची मर्जी.

सात पाकळ्यांसाठी सात स्लायडर एका नल लेयरवर (स्क्रीनवर न दिसणारी, नुसती कंट्रोल ठेवायची लेयर) ठेवले, खात्यांच्या नावाने. आठवा स्लायडर "उघड" नावाचा, ० ते १००. प्रत्येक पाकळीचा एंड म्हणजे आपल्यापर्यंतची सगळी बेरीज, गुणिले उघड, भागिले शंभर. "उघड"ला फक्त दोन कीफ्रेम (सुरुवातीची आणि शेवटची किंमत), एफ९ दाबून ईझी ईझ, ग्राफमध्ये शेवट जरा लांब ओढला, दीड सेकंदात अख्खा गोल जपानी पंख्यासारखा उघडतो. दुसरी पद्धत म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखी, एकच काटा फिरतो आणि त्याच्या मागे पाकळ्या एक एक करून दिसत जातात, त्यासाठी एंडमध्ये बेरीज आणि काटा यातलं जे लहान असेल ते घ्यायचं, एक्सप्रेशनमध्ये मॅथ डॉट मिन. काकांना "एक एक तुकडा येऊ द्या" पाहिजे होतं म्हणून ही दुसरी केली, आणि प्रत्येक पाकळी पूर्ण झाली की काटा थोडा थांबवला, तेवढ्यात सभेत बोलणारा माणूस त्या खात्याबद्दल बोलेल.

आता एक बारीक गोष्ट जी पॅकमध्ये पण चुकलेली होती आणि मोठ्या स्क्रीनवर खटकते. प्रत्येक पाकळी मागची जिथे संपते तिथून सुरू केली तर दोघींच्या मध्ये केसाएवढी रेघ दिसते, मागचं बॅकग्राउंड डोकावतं. दोन्ही कडा आपापल्या परीने मऊ केलेल्या असतात, दोन अर्धपारदर्शक कडा शेजारी आल्या तरी पूर्ण झाकलं जात नाही. त्याला उपाय म्हणजे सगळ्याच पाकळ्या शून्यापासून सुरू करायच्या आणि एकावर एक ठेवायच्या, सगळ्यात मोठी बेरीज तळाला, सगळ्यात लहान वर. पत्त्यांसारखं. रेघ गायब. पण एखादी पाकळी बाहेर सरकवून दाखवायची असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण ती सरकली की खाली रिकामी जागा न दिसता पुढच्या पाकळीचा रंग दिसतो. तिथे मुकाट्याने प्रत्येकीला स्वतःचा स्टार्ट द्यायचा. मी त्यात दोन्ही करून बघितलं, शेवटी मजुरीची पाकळी सरकवायचीच होती म्हणून स्वतंत्र स्टार्ट ठेवले आणि रेघ लपवायला बॅकग्राउंडच पाकळ्यांच्या जवळच्या गडद रंगाचं केलं. जुगाड म्हणा.

सरकवायला आणि लेबलं ठेवायला दहावीतलं त्रिकोणमिती कामाला येतं. पाकळीच्या मधल्या टक्क्याला ३.६ने गुणलं की कोन, त्याचे रेडियन करायचे, मग आडवं अंतर म्हणजे साइन गुणिले लांबी आणि उभं म्हणजे वजा कोसाइन गुणिले लांबी. वजा का, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये वाय खाली वाढतो. मला हे वजा विसरल्यामुळे पंधरा मिनिटं सगळी लेबलं उलटी दिसत होती, खतं मांडवाच्या जागी आणि मांडव डिझेलमध्ये. बाय द वे आपल्या दहावीच्या पुस्तकात पाय चार्टला वृत्तालेख म्हणतात आणि तुकड्याला वर्तुळपाकळी, काय सुंदर शब्द आहे, आणि आपण सगळे "स्लाइस स्लाइस" करत बसतो. मी लेयरची नावं पाकळी १, पाकळी २ अशीच ठेवली.

आकड्यांचा काउंटर. टेक्स्ट लेयरच्या सोर्स टेक्स्टमध्ये स्लायडरचा आकडा राउंड करून पुढे टक्क्याचं चिन्ह, एवढं कोणीही सांगेल. पण येतो इंग्रजी आकडा, आणि काकांना मराठी पाहिजे. तर शून्य ते नऊ असे दहा मराठी अंक एका ओळीत लिहून ठेवायचे आणि रिप्लेस वापरून प्रत्येक इंग्रजी अंकाच्या जागी त्या ओळीतला त्याच नंबरचा अंक उचलायचा, एका ओळीचं एक्सप्रेशन आहे, एकदा लिहिलं की आयुष्यभर पुरतं. टेक्स्ट मध्यभागी धरून ठेवू नका, १ पासून ८ पर्यंत प्रत्येक अंकाची रुंदी वेगळी असू शकते, मग वाढताना आकडा थरथरतो, उजवीकडून धरा.

मग आला तो प्रसंग. सगळं झालं, रेंडर केला, पाठवला, रात्री दहाला काकांचा फोन. "ताई, बेरीज एकशे एक येतेय." मी म्हटलं शक्यच नाही, सॉफ्टवेअर मोजतंय. ते म्हणाले, "मी वहीवर मांडलंय." आणि माणूस बरोबर होता. समजा तीन खाती आहेत, २४.५, २५.५ आणि ५०. बेरीज शंभर. राउंड केलं की २५, २६ आणि ५०, झाले एकशे एक. उलट तीन सारखी खाती असतील तर ३३, ३३, ३३ म्हणजे नव्व्याण्णव, एक टक्का कुठे गेला म्हणून सभासद उभा राहणार, आणि सहकाराशी संबंध आला असेल तर तुम्हाला माहितीच आहे की त्या एका टक्क्यावर अर्धा तास जातो. यावर उपाय दोन. एक तर दशांश एक ठेवा, तरी कधी कधी ०.१ चुकतो. दुसरा, सगळ्यांचे दशांश आधी उडवायचे, मग शंभरला जेवढे कमी पडतात तेवढे एक एक करून ज्यांचा उडवलेला दशांश सगळ्यात मोठा होता त्यांना वाटायचे. मी हे एक्सेलमध्ये केलं आणि फक्त लेबलला ते आकडे दिले, पाकळीचा कोन मात्र खऱ्या आकड्यावरच ठेवला. पॅकमध्ये असली सोय? अहो त्यांच्या स्वतःच्या प्रीव्ह्यूमध्ये ३५, ३५, २०, १५ असा चार्ट आहे, बेरीज करून बघा.

काकांनी आकडे नंतर अजून तीनदा बदलले, त्यामुळे शेवटी स्लायडर सोडून सीएसव्ही, म्हणजे आकड्यांच्या तक्त्याची साधी फाईल, जोडली. २०१८ पासून आफ्टर इफेक्ट्स सीएसव्ही सरळ फूटेजसारखी घेतं आणि एक्सप्रेशनमधून कुठल्या ओळीतला कुठला कॉलम ते सांगता येतं. मग आकडा बदलला की फाईल सेव्ह, रीलोड, झालं. फक्त एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी खात्यांची प्रश्नचिन्हं होतात. स्लायडर पुरेसे असतील तर उगाच याच्या नादी लागू नका.

ज्यांच्याकडे आफ्टर इफेक्ट्स नाही किंवा दर महिन्याचं भाडं परवडत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या, त्यात फ्यूजन पेज आहे, एस-इलिप्स नोड घेऊन सॉलिड बंद केलं की लेंग्थ आणि पोझिशन मिळतात, म्हणजे ट्रिम पाथ्सचाच भाऊ, पण शेवटी एस-रेंडर लावायला विसरू नका. ब्लेंडरवाल्यांना जिओमेट्री नोड्समध्ये आर्क नावाचा नोड आहे, कनेक्ट सेंटर टिक केलं की पाकळीच. आणि नुसतीच सभा असेल, व्हिडिओ नकोच असेल, तर पॉवरपॉइंटमध्ये पाय चार्ट टाकून व्हील अ‍ॅनिमेशन लावा आणि इफेक्ट ऑप्शन्समधून बाय कॅटेगरी करा, क्लिकवर एक एक पाकळी येते, पाच मिनिटांचं काम. हे मी काकांना आधीच सांगितलं असतं तर माझं बिलच झालं नसतं म्हणून सांगितलं नाही. आता सांगतेय.

पाय चार्ट वापरावा का नाही यावर म्हटलं होतं लिहिते. गोष्ट जुनी आहे, विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०१मध्ये पहिल्यांदा छापला, तेव्हापासून भांडण चालूच आहे. १९८४मध्ये क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघांनी लोकांना वेगवेगळे आलेख दाखवून तपासलं तर कोनावरून अंदाज करताना माणसं जास्त चुकतात, एका रेषेवरच्या उंचीवरून कमी. म्हणजे सरळ पट्ट्यांचा चार्ट जास्त खरा. पण "अर्ध्याच्या वर मजुरी आणि औषधातच जातंय" हे एका नजरेत दाखवायचं असेल तर गोलासारखं दुसरं नाही, त्याला पट्ट्या कमी पडतात. पाच पाकळ्यांपर्यंत ठीक. माझ्या सात झाल्या तेव्हा शेवटच्या तिघींचे रंग निवडताना जीव गेला, काकांना सगळं हिरवं आणि जांभळं पाहिजे होतं, द्राक्षाचं, हिरव्याच्या तीन छटा हॉलच्या एलईडी वॉलवर एकच दिसल्या. शेवटी मांडव, वीज-डिझेल आणि इतर एकत्र करून पाचच केल्या. हो, म्हणजे पॅकमधल्या पाचच पाकळ्या पुरल्या असत्या, मला माहितीये, हसू नका.

अजून एक, उसळी मारणारं अ‍ॅनिमेशन, पुढे जाऊन मागे येणारं, ते पाकळीच्या कोनाला लावू नका. अख्खा गोल मोठा होताना लावा, लेबलला लावा. कोनाला लावलं की पाकळी अर्धा सेकंद २६ची ३० होते, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी मोबाईलवर फोटो काढतो. आणि उघडून झाल्यावर चार-पाच सेकंद काहीही न हलता राहू द्या, वाचायला वेळ लागतो, विशेषतः चष्मा खिशात असलेल्या लोकांना.

सभेला मी स्वतः गेले होते, गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये, बाहेर मिसळ आणि आत एसी एवढा की गोठायला झालं. गोल आला, मजुरीची पाकळी बाहेर सरकली, मागून कोणीतरी "आयला" म्हणालं. तेवढं पुरे होतं मला.

पॅकचे पैसे परत मागितले. उत्तर आलं की डाउनलोड केलेल्या फाईलला रिफंड नाही, तसं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं, माझीच चूक. स्टार द्यायचे तर दोन देईन, एक रंगांसाठी कारण पॅलेट खरंच बऱ्या निवडल्यात, आणि एक त्यातल्या साउंड फोल्डरसाठी. पाकळी पूर्ण झाल्यावर वाजणारा एक छोटासा "टिंग" आहे त्यात, तो मात्र मी आता सगळीकडे वापरते.